पिठावरचा पंजा

फोटो आधी गावभर फिरला, माणसं तेरवीला नंतर जमली. त्यामुळं यादोरावांच्या अंगणात जो कोणी येई, तो चपला काढायच्या आधी खिशातून मोबाइल काढी.

"हा पाहा पंजा," शेजारचा परसराम मांडवाच्या खांबाला टेकून सांगत होता. "हे पाच बोटं. अन् हे बोटं कोनाकडं हायेत? तुमीच सांगा. रिताच्या खोलीकडं! आता मेलेला मानूस खोटं बोलते का गा?"

"मेलेला मानूस काईच बोलत नाई," कोणीतरी म्हणालं.

"म्हनूनच त हात दाखवला ना बाप्पा!"

लोक हसले, पण दबकून. एका म्हातारीनं तोंडावर पदर धरून हळूच एक शब्द उच्चारला, "चेटकीन." आणि शेजारणीनं तो ऐकलाच नाही असं दाखवलं.

चुलाणाजवळ बसलेल्या गिरजाबाईंनी मात्र तो ऐकला. गिरजाबाई म्हणजे यादोरावांची थोरली बहीण. त्या लाखनीला राहत. उभा जन्म तिथल्या अंगणवाडीत पोरं सांभाळण्यात गेला. भाऊ गेल्याचं कळल्यावर त्या मोहाडीजवळच्या या गावात आल्या, आणि तेव्हापासून इथंच होत्या. परसरामाची गोष्ट त्यांनी आतापर्यंत कितीतरी वेळा ऐकली होती, आणि दर वेळी ती थोडी वाढलेली असे. आज त्यात आढ्यावर घुबडही येऊन बसलं होतं.

पण पंजा होता, हे खोटं नव्हतं. तो सगळ्यांत आधी गिरजाबाईंनीच पाहिला होता.

रीत सगळ्यांच्या ओळखीची. माणूस गेला की त्या रात्री, जिथं त्याचा जीव गेला ती जागा सारवायची, तिथं तांदळाचं पीठ चाळून पसरायचं, मधे दिवा लावायचा आणि वर टोपलं पालथं घालायचं. सकाळी घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं ते उचलायचं. पिठावर जी खूण उमटली असेल, त्या जन्माला माणूस गेला असं समजायचं. गिरजाबाईंनी आयुष्यात अशी पुष्कळ टोपली उचलली होती. कधी पाखराच्या पायासारखं काही दिसे, कधी साप सरपटून गेल्यासारखी रेघ. बहुतेक वेळा एखादा मुंगळा फिरून गेलेला असे. तरी बाया "पाखरू झाला वो, उडून गेला," म्हणत डोळे पुसत, आणि गिरजाबाई त्यांना तसं म्हणू देत. रडणाऱ्या माणसाला पुढं जायला काहीतरी वाट लागते.

या वेळी टोपलं उचललं, तर खाली माणसाचा हात उमटलेला.

बोटं कुठल्या दिशेला होती? इथंच गिरजाबाईंची पंचाईत होत होती. यादोरावांच्या थोरल्या मुलानं, भोजराजनं, तेव्हाच मोबाइलवर फोटो काढला. पुढं त्या फोटोवर त्यानं लाल रंगाचा एक बाणही काढला, रिताच्या खोलीकडं वळलेला. पीठ तर राखेबरोबर कारध्याला वैनगंगेत सोडून झालं. आता गिरजाबाईंनी डोळे मिटले की त्यांना पीठ दिसे, हात दिसे, आणि हाताशेजारी तो लाल बाणही दिसे. पिठावर बाण नव्हता, एवढं तर नक्की. मग नसलेला बाण जर आठवतो, तर बोटांची दिशा तरी खरी कशावरून?

हाताची खूण सगळ्यांना एवढी लागली, त्याला कारण होतं. वर्षापूर्वी यादोरावांना लकवा मारला. वाचा गेली, डावं अंग गेलं. उजवा हात तेवढा उरला. त्यांचं अंथरूण जमिनीवरच असे, आणि पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, की ते जमिनीवर थाप मारत. थाप ऐकली की धाकटी सून रिता हातातलं काम टाकून धावे. तिचा नवरा कमलेश काही वर्षांपूर्वी हायवेवर ट्रकखाली गेला होता. मूलबाळ नव्हतं. सासऱ्याचं सगळं तिच्याच हातून होत होतं.

यादोराव गेले त्या दिवशी भोजराज मोहाडीला धान विकायला गेला होता. त्याची बायको रक्षा खळ्यावर मळणीच्या बायांबरोबर होती. त्यांची मुलगी अपेक्षा शाळेत. घरात एकटी रिता. रक्षा संध्याकाळी आली तेव्हा यादोराव थंडगार पडलेले, उशाशी रिता भिंतीला टेकून गाढ झोपलेली, आणि पाण्याचा लोटा आडवा झालेला. एवढ्यावर गाव काही फार बोललं नसतं. पण दुसऱ्या सकाळी पिठावर पंजा निघाला, आणि अपेक्षा म्हणाली की रात्री तिनं आबाजीचा हात पाहिला. मग गावानं दोन आणि दोन जोडले. म्हाताऱ्याला तहान लागली होती, त्यानं थापा मारल्या, बाई उठली नाही. म्हणून मेल्यावर तो थाप मारून दाखवून गेला, कोणी पाणी दिलं नाही ते.

भोजराजनं ठरवलं होतं. पंगत बसायच्या आधी अपेक्षा सगळ्या भाऊबंदांपुढं, तिनं काय पाहिलं ते सांगेल. त्या घरात तेरवीचा पहिला भात धाकट्या सुनेनं वाढायची चाल होती. अपेक्षाचं ऐकून भाऊबंदांनी रिताच्या हातचा भात नाकारला की उद्या तिच्या भावाला बोलावून तिला कारध्याला माहेरी धाडून द्यायचं, कायमचं. आणि तेरवीच्या पंगतीनं नाकारलेली बाई कारध्याला गेली काय नि आणखी कुठं गेली काय, फोटो आणि तो म्हातारीनं उच्चारलेला शब्द तिच्याआधी तिथं पोचणार होते.

गिरजाबाई उठल्या आणि मागच्या अंगणात गेल्या. रिता सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती.

"खाल्लं का वो काई?"

"भूक नाई, आत्याबाई."

"तुले एक विचारू?"

"सारेच विचारून राहिले. तुमी काहून मागं राहता?"

गिरजाबाई तिच्या शेजारी टेकल्या. मग रिताच बोलली, मान वर न करता. "दोन रात्री जागली होती मी. मामाजी झोपले होते. माहा डोळा लागला तवा ते जिवंत होते, उघडला तवा नव्हते. एवढंच हाय. याच्यात जोडाले माह्याजवळ काई नाई."

"लोटा कसा सांडला?"

"माहा पाय लागला असंल. मले नाई मालूम."

"अन् त्यानं थाप मारली असती, त..."

"त मी उठली असती." रिताचे हात थांबले. सुपातल्या तांदळाकडं बघत ती पुन्हा म्हणाली, "उठलीच असती."

पहिलं उत्तर तिनं गिरजाबाईंना दिलं होतं. दुसरं कोणाला दिलं, ते गिरजाबाईंना कळलं नाही. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या घरात आल्या.

आतल्या खोलीत भोजराज अपेक्षाला समोर उभं करून तिचे केस विंचरत होता. नवा फ्रॉक, नऊ वर्षांची बारीक पोर. तो तिच्याशी फार मायेनं बोलत होता, आणि गिरजाबाईंना त्या मायेचीच भीती वाटली.

"घाबरजो नको बेटा. जसं पाह्यलं तसंच सांगजो. आबाजी कोठी बसले होते?"

"टोपल्याजवळ."

"अन् बोट कोनाकडं करत होते?"

पोरीनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं. "काकूच्या खोलीकडं."

"रडत होते का?"

तिनं पुन्हा तोंडाकडं पाहिलं. "हाव. रडत होते."

भोजराजचे डोळे भरले. "ऐकलं का आत्या? रडत होते म्हने."

"हे तिनं सांगतलं का तू सांगतलं?"

"तुमच्यासमोरच त सांगतलं!"

"हाव. तू विचारलं म्हनून सांगतलं. पयल्या दिवशी ती म्हने, मी आबाजीचा हात पाह्यला. बस्स. मंग आबाजी बसले, मंग बोट दाखवलं, आता रडाले लागले. उद्या विचारशील त तुह्यासंग बोलतीन बी."

"तुमाले काय म्हनाचं हाय? माही पोट्टी खोटी हाय?"

"खोटी नाई रे. नऊ वर्साची हाय."

भोजराजनं फणी खाली ठेवली. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मी तिकडं धान घेऊन लाइनीत उभा होतो, आत्या. चहा पेत होतो, गप्पा मारत होतो. अन् इकडं माहा बाप घोटभर पान्यासाठी जमीन बडवत होता. मले कोनालेतरी हे विचाराच लागंल का नाई? का मी मलेच विचारत बसू?"

गिरजाबाईंनी फणी उचलून कोनाड्यात ठेवली. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हाताऱ्यांच्या पंगतीले पळसाच्या पत्रावळी कमी पडून राहिल्या. पोट्टीले मांग घेऊन जाते. टाचून झाल्या की आनून देते."

"लवकर आना. मधुकरराव आले की बसाचं हाय."

गोठ्याच्या पलीकडं ऊन होतं. तिथं पळसाची पानं आणि बांबूच्या बारीक काड्या घेऊन दोघी बसल्या. अपेक्षाला पत्रावळ टाचता येत होती. जीभ दातांत धरून ती पानाला पान जोडू लागली. गिरजाबाईंनी काही वेळ जाऊ दिला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल थो काळा कुत्रा मांडवात घुसला होता ना, थो लंगडत होता का वो?"

"हाव. लंगडत होता."

"कोनत्या पायानं?"

"मागच्या."

काल मांडवात कुत्रा आलाच नव्हता.

गिरजाबाई रागावल्या नाहीत. रागावण्यासारखं काही नव्हतंच. डाळ कोणी सांडली, असं अंगणवाडीत विचारलं तर सगळी पोरं गप्प बसत; मोनूनं सांडली का, असं विचारलं की सगळ्यांच्या तोंडी मोनू येई. मोनू त्या दिवशी आलेला नसला तरी. पोरं खोटं बोलत नसत. मोठ्या माणसाला काय हवं आहे ते त्याच्या तोंडावर वाचत आणि आणून देत, जसं मागितल्यावर पाट आणून द्यावा तसं. म्हणून गिरजाबाईंनी पोरांना प्रश्न विचारणंच सोडून दिलं होतं. काही जाणून घ्यायचं असलं की त्या पोराजवळ बसत, खाली मान घालून हातानं काहीतरी करत राहत आणि वाट पाहत. आज त्यांनी तेच केलं. पानं उचलली, काडी मोडली, टाका घातला. पोरीकडं बघितलं नाही.

पुढच्या अंगणातून चुलाणावरच्या पातेल्यांचा आवाज येत होता. एक मोटारसायकल येऊन थांबली. परसराम कोणालातरी "थांबा, मोठं करून दाखवतो" म्हणत होता. वेळ हातातून चालली होती, आणि गिरजाबाईंच्या जिभेवर प्रश्न येऊन येऊन परत जात होता.

"आजी," अपेक्षा म्हणाली.

गिरजाबाईंनी मान वर केली नाही.

"टोपलं मी उचललं होतं."

काडी पानातून आरपार गेली आणि गिरजाबाईंच्या बोटाला टोचली.

"थोडंसंच उचललं. दिवा विझू नये म्हनून हळूच. आबाजी थाप मारत ना, त मी बी मारू. आमचा खेळ होता थो. आबाजी हासत, असं वाकडं तोंड करून." तिनं तोंड वाकडं करून दाखवलं. "मले वाटलं, मी थाप मारली त येतीन. म्हनून पिठावर मारली."

गिरजाबाईंनी बोट पदराला पुसलं. संपलं होतं. एका लहान पोरीनं आबाजीला हाक मारली होती, बस्स. पिठात बोटं फाकली म्हणजे लहान हातही मोठा दिसतो. त्यांनी इथंच उठायला हवं होतं. पोरीला पोटाशी धरायचं आणि पत्रावळी घेऊन पुढं जायचं, एवढंच उरलं होतं.

पण यादोराव त्यांचा धाकटा भाऊ होता. आई शेतावर गेली की त्याला कडेवर घेऊन त्या गावभर हिंडल्या होत्या. तो गेल्यापासून, घरात मोठी म्हणून, त्या इतरांचेच डोळे पुसत आल्या होत्या. आणि आता कोणीतरी त्याला हाक मारल्याचं सांगत होतं.

"मंग?" त्या म्हणाल्या.

शब्द तोंडातून निघाला तो त्यांना कळला तोवर निघून गेला होता, आणि त्याबरोबर मानही वर झाली होती.

अपेक्षा त्यांच्या तोंडाकडं पाहत होती. खूप वेळ पाहत राहिली.

"मंग आबाजीनं बी मारली."

"कोठी?"

"खालून. पिठाच्या खालून. माह्या हातावर."

पोर घाबरलेली नव्हती. ती पुढची पानं निवडत होती.

"त्याईले तहान लागली होती. त्या दिवशी बी लय वेळ थापा मारत होते. काकू उठलीच नाई."

"तुले कसं मालूम? तू त शाळेत होती."

"आबाजीनं सांगतलं."

परसरामाच्या तोंडून ऐकलं असेल. बापाच्या तोंडून ऐकलं असेल. या घरात तेरा दिवस दुसरं बोललं काय जात होतं? नाहीतर लंगड्या कुत्र्यासारखंच, आजीला हवं ते आजीला आणून दिलं असेल. "मंग?" म्हणताना आपलं तोंड कसं होतं, ते आठवायचा गिरजाबाईंनी प्रयत्न केला. पण आपलं तोंड आपल्याला कुठं दिसतं? आणि या सगळ्याच्या खाली, तळाशी, एक गोष्ट हलत नव्हती. वरून मारलेल्या थापेला खालून उत्तर आलं, हे पोरीला सांगितलं कोणी? परसरामाच्या गोष्टीत घुबड होतं, भोजराजच्या प्रश्नांत रडणं होतं, हे कुठंच नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या मनातही हे कधी आलं नव्हतं.

"अपेक्षा! आना वो पोट्टीले, सारे बसले!" पुढून भोजराजची हाक आली.

मांडवात सतरंज्यांवर भाऊबंद बसले होते. मधे सगळ्यांत वडील मधुकरराव, काठी मांडीवर आडवी घेऊन. स्वयंपाकघराच्या दारात रिता भाताचं घमेलं धरून उभी होती. भात वाफाळत होता, आणि तिच्या अवतीभवती दोन हात जागा मोकळी होती. तिथं एकही बाई उभी नव्हती.

भोजराज पुढं आला. "ये बेटा. साऱ्याईले सांग."

"ती काय सांगंल, ते मी सांगते," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांनी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला होता. "पन आधी पाहा. रक्षा, परातीत पीठ आन. तांदळाचं."

रक्षानं नवऱ्याकडं पाहिलं, मग आत जाऊन परात आणली. गिरजाबाईंनी पीठ हातानं सारखं केलं. "ठेव बेटा. त्या दिवशी ठेवला तसा."

पोरीनं बापाकडं एकदा बघितलं आणि पिठावर थाप मारली. हात उचलला. माणसं वाकली. कोणीतरी मोबाइल परातीशेजारी धरला.

"टोपलं हिनं उचललं होतं," गिरजाबाई म्हणाल्या. "आबाजीसंग थाप मारायचा खेळ खेळत होती, तसाच खेळली. हा हात हिचाच हाय."

परातीवर वाकलेला परसराम सरळ व्हायला तयार नव्हता. "तसा त तसाच दिसते... पन एवढूसा हात, बाई? फोटोत त केवढा मोठा हाय!"

"तू बोटानं तानून तानून मोठा करते, परसराम. कधी लहान करून बी पाह्यजो."

या वेळी लोक मोकळेपणानं हसले. मधुकररावही मिशीत हसले. भोजराज हसला नाही. तो पोरीपुढं उकिडवा बसला.

"बेटा, तूनं ठेवला होता हात?"

"हाव."

"अन् आबाजी रडत होते, थे?"

अपेक्षा हाताचं पीठ फ्रॉकला पुसू लागली.

"थांबा थांबा," परसराम मधेच म्हणाला. हातची गोष्ट अशी सुटून जाणं त्याला सहन होत नव्हतं. "पोरीले पुरं त सांगू द्या. टोपलं उचललं. थाप मारली. मंग? मंग काय झालं, सांग पोरी."

हसू थांबलं. अपेक्षानं परसरामाकडं पाहिलं नाही, बापाकडंही नाही. मान वर करून तिनं गिरजाबाईंच्या तोंडाकडं पाहिलं.

गिरजाबाईंना तिचं ते पाहणं आता चांगलं ओळखीचं झालं होतं. पोर वाचत होती. आत जे होतं ते वर येऊ न देता त्यांनी तोंड घट्ट, कोरं ठेवलं. पण खांद्यावरच्या हाताची बोटं आपोआप दाबली गेली.

"मंग मी झोपली," अपेक्षा म्हणाली.

भोजराजनं खांद्यावरचा गमछा ओढला. मग गमछ्यात तोंड घालून तो रडू लागला, मोठ्यानं, पहिल्यांदाच. तो कोणावर रडतो आहे ते कोणी विचारलं नाही. मधुकररावांनी काठी बाजूला ठेवली.

"पोरीचा खेळ होता. लेकरू आज्याले बलावत होतं, अन् आपन काय काय बोलून बसलो. चला, पान मांडा. सूनबाई, भात आन."

रिता दारातून हलली. ती मोकळी जागा आपोआप भरून गेली; एकीनं तिच्या घमेल्याला हात लावला, दुसरीनं डाळीची बादली उचलली. मधुकररावांनी पत्रावळ पुढं सरकवली, तिच्या हातचा भात घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा घास तोंडात घातला. मग पंगत सुरू झाली. परसरामानंही भात घेतला, आणखी मागितला.

गिरजाबाई पंगतीच्या टोकाला बसल्या होत्या. करायचं होतं ते झालं होतं. भोजराज पोरीला विचारी आणि पोर त्याला हवं ते सांगे, म्हणून त्या त्याच्यावर चिडल्या होत्या. त्यांनीही आज तेच केलं होतं, फक्त न विचारता. त्याबद्दल त्यांना वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायला आधी खरं काय ते माहीत असावं लागतं.

रिता वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आली. वाकली. भात उचललेला हात पत्रावळीवर थांबला.

"आत्याबाई," ती इतक्या हळू म्हणाली की शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल, "पोट्टी तुमच्याजवळ अजून काई बोलली का? पान्याचं?"

पाण्याची गोष्ट तर सगळं गाव बोलत होतं. जिच्यावर आळ येतो ती हे विचारणारच. गिरजाबाईंना ते कळत होतं. त्यांना एकदा मान वर करून रिताचं तोंड पाहावंसं वाटलं. पण त्या तोंडावर काय आहे ते दिसेल, की आपल्याला जे दिसायचं आहे ते दिसेल, याची त्यांना खात्री नव्हती. त्या पत्रावळीकडंच पाहत राहिल्या.

"नाई," त्या म्हणाल्या. "वाढ."

भात पानावर पडला. रिता पुढं गेली नाही, तशीच वाकून उभी राहिली. गिरजाबाईंनी भातात बोटं घातली. चटका बसेल इतका तो गरम होता. त्यांनी घास उचलला आणि तिच्यादेखत तोंडात घातला.